धुतलेला पेला

त्या वर्षी दर गुरुवारी सकाळी साडेआठच्या बसने मी नाशिकला जायचे, ह्यांना भेटायला. हे म्हणजे माझे यजमान, रंगनाथ बोरस्ते. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

वाचून दचकू नका. मी चंद्रकला बोरस्ते, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि कुठल्या बाबाच्या नादी मी कधी लागले नाही. मी जायचे ती शहराबाहेरच्या हृदय केंद्रात. तिथे तिसऱ्या मजल्यावर, सदतीस अंशांच्या उबेत, नखाएवढ्या काचेच्या चकतीत ह्यांच्या हृदयाचा एक कण ठेवलेला होता. तो ठोके द्यायचा.

केंद्राची प्रमुख डॉक्टर नजमा पिंजारी. सातवीत माझ्याच हाताखाली होती. चाळिशीला आली तरी मला बघितलं की खुर्चीवरून उठते. ती मला कानाला लावायला यंत्र द्यायची, काचेखालचं चित्र समोरच्या पडद्यावर मोठं करून द्यायची आणि दार लोटून निघून जायची. मग मी घड्याळ लावून मोजायचे. मिनिटाला बासष्ट. हे जिवंत असताना दुपारी डोळा लागला की नाडी अशीच, बासष्टच असायची.

मी त्या चकतीशी बोलायचे. यंदा थंडी उशिरा पडली, खालच्या बागेत वेलींवर भुरीचा रोग आला, तुमचा कुत्रा अजून फाटकात बसतो, असलं काहीबाही. पेशींना कान नसतात, हे मी एकतीस वर्षं मुलांना शिकवलं आहे. तरी बोलायचे.

ही चकती म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. तुमच्या दंडातून चमचाभर रक्त घेतात. त्यातल्या पेशींना रसायनं देऊन मागे नेतात, पार आईच्या पोटातल्या पहिल्या दिवसांपर्यंत. तेव्हा पेशीचं काहीच ठरलेलं नसतं. ती कातडी होईल, यकृत होईल, नाहीतर हृदय. मग तिला हृदयाच्या वाटेला लावतात. सहा-सात आठवड्यांत काचेवर हृदयाच्या स्नायूचा आणि रक्तवाहिनीच्या अस्तराचा एक तुकडा तयार होतो आणि कोणी न सांगता धडधडायला लागतो. तो तुमचाच असतो. बापाकडून आलेले दोष आणि आईकडून आलेली चिवटपणाची देणगी, सगळं त्यात उतरलेलं असतं. शेजारी तुमच्याच यकृताची दुसरी चकती असते, कारण खाल्लं-प्यालेलं आधी यकृतातून जातं आणि मग हृदयाकडे येतं. अशा जोडीला काहीही विचारता येतं. तूप सोसतं का? अमुक गोळी सोसते का? शंभर माणसांची सरासरी काय, ते नाही विचारायचं. तुला एकट्याला काय होतं, ते सांग.

चार-पाच वर्षांत आमच्या दिंडोरी तालुक्यात या चकतीचं खूळच आलं होतं. लग्नाच्या पंगतीत माणसं सांगायची, "माझ्या चकतीला जिलबी चालते, श्रीखंड चालत नाही." स्थळं बघताना पत्रिकेच्या जोडीला चकतीचा कागद मागायला लागले. एका वरमाईने तर मुलीच्या चकतीचे ठोके ऐकूनच नकार दिला म्हणे. माणूस सुधारतो, पण खोड जात नाही.

आणि आमचा तालुका पडला द्राक्षांचा. वाइनबद्दल जो प्रश्न शंभर वर्षं कोणी नीट विचारला नव्हता, तो केंद्राने आम्हाला विचारला: वाइन हृदयाला चांगली की वाईट, आणि कोणाच्या हृदयाला? चारशे माणसांनी रक्त दिलं. हे जायला तयार नव्हते. मीच हाताला धरून नेलं.

*

आता वाइन आमच्या घरात कशी शिरली, ते सांगते. तिथेच सगळी मेख आहे.

माझे सासरे एक्कावन्नाव्या वर्षी हृदयाच्या झटक्याने गेले. हे चाळीस वर्षांचे झाले त्या दिवसापासून मी मनातल्या मनात अकरा, दहा, नऊ अशी उलटी वर्षं मोजायला लागले. आम्हाला मूलबाळ नाही. शाळेतली पोरं होती म्हणा, पण घरी आल्यावर माझं असं एकच माणूस होतं.

दोन हजार चौदा साली पेपरात लेख आला होता. रोज एक लहान पेला लाल वाइन घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असं परदेशात पाहणी करून काढलं होतं. लाल द्राक्षाच्या सालीत काहीतरी असतं, ते रक्तवाहिन्या मऊ ठेवतं. मी तो लेख कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि ह्यांना वाचून दाखवला. हे स्वतः वाइनच्या कारखान्यासाठी शिराझ जातीची लाल द्राक्षं पिकवायचे आणि दर हंगामाला कारखाना शेतकऱ्यांना चार पेट्या वाइन भेट द्यायचा. त्या पेट्या नुसत्या माळ्यावर पडून असायच्या. देवानेच सोय केली होती, असं मला वाटलं. विज्ञानाच्या बाईलासुद्धा सोयीच्या वेळी देव आठवतो.

शाळेत एक मोजपात्र कडेला टवका उडाला म्हणून बाद झालं होतं. ते मी घरी आणलं. रोज दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा आणि मोजपात्रात शंभर मिलिलिटर वाइन मोजून काचेच्या पेल्यात ओतायची. लेखात लिहिलं होतं तेवढीच, ना थेंब जास्त ना थेंब कमी. पेला बाहेर अंगणाकडच्या ओट्यावर नेऊन ह्यांच्या हातात द्यायचा आणि आत वळून भाकरी थापायला बसायचं. तिथे थांबायचं नाही. बाईमाणूस वाइनच्या पेल्याशेजारी बसलेलं कोणी पाहिलं, तर उद्या वर्गात शिकवायला तोंड राहिलं नसतं.

ओट्यावर ह्यांच्या सोबतीला पोपटनाना असायचे. आडनाव ढेपले, शेजारच्या मळ्याचे, ह्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, आणि तरी ह्यांचे जिवाभावाचे मित्र. दोघं बागेकडे तोंड करून बसायचे. माझ्या भाकरी होईतो पेला परत यायचा, तोसुद्धा धुतलेला. अंगणातल्या नळावर हे स्वतः विसळून आणायचे. मला केवढा अभिमान होता त्याचा. साऱ्या गावात स्वतःचा पेला धुणारा हा एकच पुरुष, असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगत असे.

मग आठ-नऊ वर्षांनी उलट्या बातम्या यायला लागल्या. जुन्या पाहण्यांत गफलत होती म्हणे. ती गफलत मला वाचताक्षणी कळली, कारण तसलीच एक मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केली होती. पहिल्या बाकावरच्या पोरांचे डोळे अधू असतात, असं माझ्या लक्षात आलं आणि फळ्याच्या जवळ बसल्याने डोळे बिघडतात, असं मी हेडमास्तरांना जाऊन सांगितलं. ते हसून लोटपोट झाले. "बाई, ज्यांचे डोळे अधू आहेत त्यांनाच आपण पुढे बसवतो." वाइनचं तेच झालं होतं. न पिणाऱ्यांच्या रांगेत अशीही माणसं उभी केली होती, जी आधी प्यायची आणि आजारी पडल्यावर डॉक्टरांनी सोडायला लावली होती. आजारी माणसांनी भरलेली रांग, ती लवकर मरणारच. तिच्या शेजारी रोज पेलाभर पिणारी रांग तब्येतीने छान दिसणारच. वाइनने काही केलेलंच नव्हतं.

मी त्या संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "अहो, ते वाइनचं खोटं निघालं. उलट दारू थोडीही बरी नाही म्हणतात. बंद करू या."

हे बागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. सवय झालीय."

ह्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साधी मिठाची वाटीसुद्धा स्वतः उठून घ्यायचे. त्यांचं हे एवढं एक सुख मी कशाला काढून घेऊ, असं वाटलं. मी शंभरचे साठ केले नाहीत की बंदही केली नाही. पुढची चौदा-पंधरा वर्षं ओतत राहिले.

ऑक्टोबरातली छाटणी चालू होती. सकाळी दहाच्या सुमारास बागेत, हातात कात्री असतानाच हे खाली बसले ते बसलेच. त्रेसष्ट वर्षांचे होते. बापापेक्षा बारा वर्षं जास्त जगले, असं लोक मला समजवायचे. मला रात्रंदिवस एकच दिसायचं: तो पेला, मोजपात्र आणि माझा हात.

*

जानेवारीत नजमाने मला समोर बसवलं. तिच्या हातात कागद होता, पण ती तो माझ्याकडे सरकवेना.

"बाई, मार्चअखेर ही पाहणी संपते. त्यानंतर आम्हाला चकत्या ठेवता येणार नाहीत. सरांच्या बारा होत्या, आता एकच उरलीय. तिचंही वय झालंय."

"किती दिवस?"

"फार जपलं तर चार-पाच महिने. तुम्ही म्हणालात तर मी परवानगी काढून तोवर ठेवीन. शेवटी आपोआप थांबेल. नाहीतर..." तिने कागद पालथा ठेवला. "नाहीतर सरांची वाइनची चाचणी राहिलीय, ती पूर्ण करता येईल. रोजच्या पेल्याचा जो अंश यकृतातून हृदयाला पोचतो, तो अकरा दिवस थोडाथोडा द्यायचा. वीस-पंचवीस वर्षांत जे घडतं, त्याचा अंदाज त्यात येतो. पण आतल्या पेशींवर काय झालं ते बघायला शेवटी चकती कापावी लागते."

"म्हणजे ती राहणार नाही."

"नाही, बाई."

"आणि मला कळेल."

"हो. त्यांच्या हृदयाला ती सोसत होती की नाही, एवढं नक्की कळेल."

खाली बसथांब्यावर मी तीन बसगाड्या जाऊ दिल्या. एका हातात चार-पाच महिन्यांचे गुरुवार होते, बासष्ट ठोक्यांचे. दुसऱ्या हातात एक उत्तर होतं. दोन्ही मिळणार नव्हतं.

संध्याकाळी पोपटनाना नेहमीसारखे ओट्यावर आले. हे गेल्यावरही त्यांचं येणं चुकलं नव्हतं. मी चहा द्यायचे आणि उंबऱ्याच्या आत बसायचे. शहात्तरीतला माणूस, पण अजून विहिरीत सूर मारतो, दात सगळे जागेवर. त्यांना मी नजमाचं सगळं सांगितलं.

नानांच्या हातातली बशी कलती झाली. "कशाला वहिनी? गेलेल्या माणसाचं काळीज कशाला चिरता?"

"मला कळायला हवं, नाना."

"काय कळायचं त्याच्यात? बापाचंच दुखणं होतं त्याला. साऱ्या गावाला ठावं हाय."

"त्यात माझ्या हातची भर पडली का, ते."

नाना काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं, मिटलं. उरलेला चहा ओट्याखाली ओतून उठले. "ऱ्हाऊ द्या. ऐका माझं. त्या पोरीला सांगा, हाय तेवढे दिवस वाजू द्या त्याला," म्हणाले आणि निघून गेले. मला त्यांचा रागच आला. याला कोणी विज्ञान शिकवलं नाही, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं.

तीन आठवडे मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. माणूस गेल्यावर आठवण येते म्हणतात. मला आठवण येत नसे, मला हे हवे असत. पाय दुखतात म्हणून पाठीमागे उशी सरकवणारे, पेपरातलं शब्दकोडं अर्धं सोडून माझ्यासाठी ठेवणारे, भाकरी करपली तरी 'खरपूस आहे' म्हणणारे. गुरुवारचे ठोके ऐकले की ते हवं असणं चार दिवस थोडं निवायचं. ते सोडायला मन तयार नव्हतं. पण दर वेळी घड्याळ लावून मोजायला बसले की बासष्टच्या मागे दुसरा आवाज यायचा: तू ओतलीस, तुला माहीत असूनही ओतलीस. शेवटी मला ते ठोके ऐकवेनात. मी सही केली.

*

माळ्यावर ह्यांच्या शेवटच्या हंगामाच्या द्राक्षांची एक बाटली शिल्लक होती. ती साडीच्या जुन्या काठात गुंडाळून पिशवीत घातली. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "तेल का हो?" मी म्हटलं, "औषध."

मोजपात्रसुद्धा नेलं होतं. नजमाने ते हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. "बाई, हे शाळेतलं ना? याचा टवका माझ्याच हातून उडाला होता."

तिने वाइन मोजली, तिच्या यंत्रांत घातली, पातळ केली. बारीक नळी यकृताच्या चकतीत जात होती आणि तिथून पुढे ह्यांच्याकडे. नजमाने माझं बोट एका लहान कळीवर ठेवलं.

"पहिला थेंब तुम्ही सोडा."

मी कळ दाबली. नळीतून फिकट गुलाबी रेघ सरकत गेली. मी कानाला यंत्र लावून खुर्ची अगदी जवळ ओढली. तेवीस वर्षांत पेला हातात देऊन मी नेहमी पाठ फिरवली होती. हे वाइन घेत असताना त्यांच्या शेजारी बसले ती त्या दिवशी पहिल्यांदा. ठोके बासष्टचे सत्तर झाले, मग अडुसष्ट, मग परत सावकाश खाली आले. मी एक तास बसले. बाहेर कोणी काय म्हणेल याची मला पर्वा नव्हती. बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. ओट्यावर असंच बसायला हवं होतं, असं वाटून डोळ्यांना पदर लावावा लागला.

पुढच्या गुरुवारी गेले तेव्हा सात दिवस झाले होते. ठोक्यांची लय मोडली होती. दोन ठोके यायचे, तिसरा गळायचा, मग दोन घाईघाईने एकदम. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "हळू, हळू," असं मी त्या चकतीला म्हणत होते. बाराव्या दिवशी नजमाचा फोन आला. झालं, एवढंच म्हणाली.

*

निकाल द्यायला तिने मला मार्चच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं. खरं सांगायला ती कचरत होती. पण मीच तिला खरं सांगायला शिकवलेलं होतं.

"चारशे माणसांत बऱ्याच जणांच्या हृदयाला एका पेल्याने फारसं काही होत नाही, बाई. चांगलंही नाही आणि मोठं वाईटही नाही. पण तीस-चाळीस जण असे निघाले, ज्यांना ती मुळीच सोसत नाही. सर त्यांतले. रक्तवाहिन्यांचा मूळ दोष वडिलांकडून आलेला, तो वेगळा. पण रोजच्या पेल्याने अस्तर आणखी कडक होतं, लय बिघडते. त्यांच्या हृदयाने ती अजिबात घ्यायला नको होती."

ती पुढेही काही सांगत होती, धीराचं. मला ऐकू आलं नाही.

घरी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आत गेले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटलेलं ते कात्रण ओरबाडून काढलं. निम्मं निघालं, निम्मं लाकडालाच राहिलं. ओट्यावर येऊन खाली बसले. नाना आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा मागितला नाही.

"काय झालं वहिनी?"

"मी मारलं त्यांना," मी म्हटलं. "तेवीस वर्षं रोज मोजून मारलं. शंभर मिलिलिटर. त्यांच्या काळजाला ती चालतच नव्हती, नाना. कागद आहे माझ्याकडे."

नाना माझ्यासमोर पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिले.

"रंग्यानं ती कधी घेतलीच नाही, वहिनी."

मी मुठीतलं निम्मं कात्रण खाली ठेवलं.

"एक थेंब नाही. समदी म्या घेतली."

"काय बोलताय, नाना?"

"खरं बोलतोय. तुम्ही पेला द्यायच्या अन् आत वळायच्या. पहिले आठ-दहा दिवस तो त्या तगरीच्या बुडात ओतायचा. एक दिवस मला दिसलं. म्या म्हणलं, अरे, वर्षभर राबून पिकवतो अन् मातीत काय घालतो? तर म्हणला, मंग तू घे. म्या घेतली. दुसऱ्या दिशीबी घेतली. मंग रोजचंच झालं."

"पण का? मला सांगायचं होतं ना! आवडत नाही म्हणून सांगायचं!"

"आवडायचा सवालच नव्हता. चुलता दारूपायी गेला त्याचा, तव्हा म्हातारीनं ह्याचा हात देवापुढं ठिवला होता. थेंब तोंडाला लावणार नाही, असा शब्द घेतला. बारा-तेरा वर्षांचं पोरगं ते. त्यानं जन्मभर पाळला." नानांनी उंबऱ्याकडे बोट केलं. "अन् इकडं तुम्ही. तुम्ही ते कात्रण वाचून दाखवलं तव्हा रडल्या व्हत्या म्हणं. मला म्हणला, नाना, ती मला मरू द्यायला तयार नाही, तिला नाही कसं म्हणू? मंग आईचाबी शब्द ऱ्हायला अन् तुमचाबी."

माझ्या डोळ्यांसमोर तो पेला आला. अंगणातल्या नळावर धुतलेला, पाणी निथळणारा. निरीक्षण करा, मग अनुमान काढा, मग निष्कर्ष. हे मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहायचे. तेवीस वर्षं ह्यांच्या तोंडाला वाइनचा वास आला नाही आणि मी समजत होते की कारखान्याची वाइन उंची आहे.

"मी बंद करू म्हटलं होतं," मी म्हटलं. "तेव्हा तरी सुटका होती. तेव्हा 'राहू दे' का म्हणाले?"

नानांनी मान खाली घातली. "त्याच साली आमची कारभारीण, शांता, गेली. घर खायला उठायचं. म्या इथं यायचो ते त्या पेल्याच्या निमित्तानं. तो म्हणला, बंद केली तर तू यायचा नाहीस. माझ्यासाठी ऱ्हाऊ दिली त्यानं."

"आणि तुम्ही आज सांगताय? सही करायच्या आधी सांगायला काय झालं होतं?"

"त्याला शब्द दिलता, तुम्हाला कळू देणार नाही म्हणून. तुम्हाला वाईट वाटंल म्हणायचा. आज तुम्ही सोताला खुनी म्हणायला लागल्या तव्हा मोडला." त्यांनी टोपीने डोळे पुसले. "त्या दिशी ओठावर आलतं. तव्हाच मोडायला पाहिजे होता."

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. पण सगळीच माणसं आपापला शब्द धरून बसलेली, त्यात यांच्यावर काय ओरडायचं? छातीवरचा दगड उतरला होता, हे मात्र खरं. मोठा श्वास आला, कितीतरी महिन्यांनी. मी नव्हते मारलं. बापाचं दुखणं होतं, ते घेऊन गेलं.

आणि तुम्हाला वाटेल की पोपटनाना शहात्तरीत ठणठणीत आहेत, म्हणजे वाइनचा गुणच. मला नाही वाटत. पहिल्या बाकाच्या वेळी एकदा तोंडघशी पडलेली आहे मी.

"नाना," मी विचारलं, "मी आत असायचे तेव्हा हे काय बोलायचे?"

"काय नाही. ऐकत बसायचा."

"काय ऐकत?"

"तुमच्या भाकरीचा आवाज. थापायचा आवाज थांबला की म्हणायचा, चल, झाल्या तिच्या, पेला धुतो."

मी भिंतीला टेकले. माझी पाठ जिकडे असायची तिकडे ह्यांचे कान असायचे, रोज, तेवीस वर्षं. मी उंबरा ओलांडून बाहेर येऊन बसले असते तर काय झालं असतं? लोक चार दिवस बोलले असते. आणि मला पहिल्याच दिवशी कळलं असतं, पेला कोणाच्या हातात आहे ते. चकती चिरायची वेळ आली नसती. या गुरुवारी मी बस पकडली असती, बासष्ट मोजले असते, भुरीचं, कुत्र्याचं सांगितलं असतं. मेपर्यंत, कदाचित जूनपर्यंत.

नाना उठले. "येतो उद्या," म्हणाले. मी मान हलवली. तगरीला पांढरी फुलं होती. तिच्या बुडाशी बघत असताना मला ते सुचलं, आणि सुचल्यावर उठता येईना.

इतकी वर्षं मी ह्यांना वाइन पाजली, असं मी समजत होते. पाजली होती ती एकदाच. त्या गुरुवारी, नजमाच्या टेबलावर, माझ्या बोटाने. आईला दिलेला शब्द त्यांनी पन्नास वर्षं पाळला, आणि तो मी मोडला, ते गेल्यावर. ठोके सत्तरवर गेले होते, मग सावकाश खाली आले होते, आणि मी शेजारी बसून किती बरं वाटलं म्हणत होते. मला नाही म्हणणं त्यांना तेव्हाही जमलं नाही.